दोघांची वारी, दोन बोचकी

मुलांनो, ज्येष्ठ लागला, मृगाचे एक-दोन पाऊस पडून गेले, की आपल्या हिंगोली-परभणीकडच्या घरांत एक वेगळीच लगबग सुरू होते. एकीकडे सोयाबीन-तुरीच्या पेरणीची घाई आणि दुसरीकडे माळ्यावरची पडशी खाली काढून, झटकून उन्हात टाकायची घाई! कारण घरातले आजी-आजोबा जोडीनं पायी पंढरपूरला निघालेले असतात. तुमच्याही घरातून जात असतील, किंवा शेजारून. मग तुम्ही एक गंमत नक्की पाहिली असेल. आजी एकेक वस्तू आणून अंथरलेल्या चवाळ्यावर ठेवते, आजोबा त्यातलं निम्मं काढून परत फडताळात ठेवतात, आणि आजोबांची पाठ फिरली की आजी ते पुन्हा आणते.

हे भांडण वरवर पाहायला मजेचं असलं, तरी त्यात फार महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे बरं का. दोन माणसांनी अठरा-वीस दिवस चालायचं, तर बरोबर काय घ्यायचं आणि काय घरी ठेवायचं? शाळेच्या सहलीला जाताना आपण डबा, पाण्याची बाटली आणि स्वेटर घेतला की झालं. संध्याकाळी एसटी आपल्याला घरी आणून सोडते. वारीचं तसं नाही.

आधी अंतर किती ते पाहू. औंढा नागनाथहून परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, कळंब, बार्शी अशी वाट धरली, तर पंढरपूर साधारण सव्वातीनशे किलोमीटरवर येतं. आपल्या दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची प्रयोगशाळा होणार आहे ना, तिचे दोन बोगदे प्रत्येकी चार किलोमीटर लांबीचे असणार आहेत. तेवढं अंतर चालायला वारकऱ्याला तासभर लागतो. रोज असे चार-साडेचार बोगदे चालायचे, आणि असं अठरा दिवस! वयस्कर माणसाचं पाऊल अर्ध्या मीटरचं धरलं तर साडेसहा लाख पावलं होतात. (गणित करून पाहा. सव्वातीनशे किलोमीटर म्हणजे तीन लाख पंचवीस हजार मीटर.) पाठीवर एक किलो ओझं जास्त झालं, तर ते साडेसहा लाख वेळा उचलायचं असतं.

आपली माती तर चालणाऱ्यांचीच. संत नामदेवांचा जन्म १२७० सालचा, गाव आपल्याच जिल्ह्यातलं नरसी. ते चालत चालत थेट पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांची एकसष्ट पदं शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत. औंढ्याचं देऊळ त्यांच्यासाठी फिरल्याची कथा तुम्हाला पाठ आहे, म्हणून इथं सांगत बसत नाही. नरसीहून दर आषाढीला नामदेव महाराजांची पालखी पंढरपूरला जाते, शेगावची गजानन महाराजांची पालखीही आपल्या जिल्ह्यातून पुढं जाते, आणि शिवाय गावोगावच्या लहान लहान दिंड्या निघतात त्या वेगळ्याच. आमच्या गल्लीतलं एक जोडपं अशाच एका लहान दिंडीतून पंचवीसेक वर्षं जातं आहे. त्यांच्या ओसरीवर बसून मी बरंच काही विचारून घेतलं.

आजी म्हणाल्या, “गुरुजी, पैली वारी केली तवा आमचं एकच बोचकं होतं. ह्यांच्या खांद्यावर. हे पुढं टाळकऱ्यांत, मी मागं बायांत. परळीच्या पुढं जो पाऊस आला, तो आलाच! मह्यी घोंगडी, मह्यं कोरडं लुगडं, समदं ह्यांच्यासंगं दोन कोस पुढं. मी रातभर वल्ल्या लुगड्यात बसले. दुसऱ्या दिवशी ताप. तीन दिवस गाडीत पडून काढले. तवापासून ठरवलं, मपलं मला अन् तुपलं तुला.”

आजोबा मान खाली घालून सुपारी कातरत होते. “खरं हाय,” एवढंच बोलले.

आता यातली गोम लक्षात घ्या. नवरा-बायको जोडीनं वारीला निघतात खरे, पण वाटेत ते बरोबर चालतातच असं नाही. दिंडीला शिस्त असते. पुढे पताका, मग टाळकरी, आणि मागे डोक्यावर तुळशी नि पाण्याचे हंडे घेतलेल्या बाया. सकाळी चहाला भेटलेलं माणूस एकदम रात्री पंगतीला दिसतं. कितीतरी दिंड्यांमध्ये झोपायच्या राहुट्याही बायांच्या वेगळ्या आणि पुरुषांच्या वेगळ्या असतात. म्हणजे बॅटरी आजोबांकडे आणि औषध आजीकडे असेल, तर रात्री अंधारात दोघांचाही उपयोग नाही! म्हणून जोडीनं निघणाऱ्यांनी सामान भरताना पहिल्यांदा हा विचार करायचा, की दोघांत एक चालेल अशी वस्तू कोणती, आणि दोघांकडे वेगळी हवीच अशी कोणती.

पहिली यादी तशी लहान. सुईदोरा, नखं कापायचं यंत्र, कपडे वाळत घालायची सुतळी, खोबरेल तेलाची मोठी बाटली, धुण्याचा साबण. या गोष्टी एकाकडे असल्या की पुरे. दुसरी यादी मात्र फार जपून करायची. ताटली आणि पेला, पांघरूण, पावसाचं कापड, पिण्याचं पाणी, स्वतःची औषधं, थोडे पैसे, ओळखीची चिठ्ठी, हे दोघांचं दोन ठिकाणी. इथं काटकसर करून चालत नाही.

दिंडीबरोबर सामानाची गाडी असते. मोठ्या दिंडीचा ट्रक, लहान दिंडीचा टेम्पो नाहीतर ट्रॅक्टर. त्यासाठी आणि जेवणासाठी प्रत्येकजण आधी ठरलेले पैसे भरतो, त्याला भिशी म्हणतात. मग बरेच जण म्हणतात, गाडी आहे ना, घ्या हवं तेवढं. पण गाडी पुढच्या मुक्कामाला आधीच जाऊन थांबते. दिवसा लागेल ते गाडीत ठेवलं, तर ते घरी ठेवल्यासारखंच. आणि रात्री चिखलात उभं राहून शंभर बोचक्यांतून आपलं बोचकं ओढून काढायचं असतं, ते काही गंमतीचं काम नाही. म्हणून प्रत्येकाचं एक बोचकं गाडीत, आणि एक लहान पडशी खांद्यावर. गाडीतल्या बोचक्याला लाल नाहीतर पिवळ्या चिंधीची ठळक खूण बांधायची. सगळीच बोचकी पांढऱ्या नाहीतर निळ्या कापडाची असतात, त्यामुळे अंधारात सगळी सारखीच दिसतात.

आम्ही वर्गात हा सामानाचा प्रयोग केला. चौथीच्या मुलांनी घरून वारीच्या वस्तू आणल्या आणि ताणकाट्याला अडकवून वजनं घेतली. सुती नऊवारी कोरडं असताना सातशे ग्रॅम भरलं. तेच भिजवून, पिळून टांगलं तर सव्वा किलोच्या पुढं काटा गेला! पोरं ओरडलीच. पाण्यानं भरलेली लिटरची बाटली एक किलोहून थोडी जास्त, कारण बाटलीचंही वजन असतं. पितळी तांब्या पाहायला छान, पण त्याच्या जागी स्टीलचा घेतला की बरंच ओझं कमी होतं. एका मुलीनं आजीची पडशी जशीच्या तशी आणली होती. ती आमच्या पाच किलोच्या ताणकाट्यावर मावेना, तेव्हा दोन भाग करून मोजली. नऊ किलो झाली.

खांद्यावर किती ओझं असावं? तुमच्या दप्तराचा नियम आठवा. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा दप्तर जड नसावं, असं महाराष्ट्र शासनानं २०१५ साली ठरवून दिलं आहे. हाच हिशेब चालणाऱ्या मोठ्या माणसांनाही लागू पडतो. युरोपात स्पेनमधल्या सांतियागो या गावी सेंट जेम्सच्या समाधीला लोक पायी जातात. फ्रान्सच्या हद्दीवरून निघणारी त्यातली प्रसिद्ध वाट पावणेआठशे किलोमीटरच्या पुढं आहे. आपल्याकडे वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ, तसा तिथं पाठपिशवीला शिंपला लटकवलेला असतो. ते यात्रेकरूही एकमेकांना हाच दहा टक्क्यांचा सल्ला देतात. आजीचं वजन पंचेचाळीस किलो असेल तर पडशी साडेचार किलोची. त्या नऊ किलोंतलं निम्मं गाडीत जायला हवं, किंवा घरी राहायला हवं.

त्या पडशीत होतं काय, तर दोन किलो येसराचं पीठ! मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, धान्यं, डाळी नि मसाले भाजून दळलं की येसर होतं. पाण्यात कालवून उकळलं, की झणझणीत आमटी तयार. आजीचं म्हणणं, दिंडीतल्या आमटीला चव नसते. चवीचा मुद्दा आपण सोडून देऊ. दिंडीत दोन वेळचं जेवण मिळतं आणि वाटेवरची गावंही मोठ्या प्रेमानं पिठलं-भाकरी वाढतात, त्यामुळे पिठाचं ओझं नको. बरोबर घ्यायचं ते अधूनमधून तोंडात टाकायला. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गुळाचे खडे आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. दशम्या नि धपाटे पहिल्या दोन दिवसांपुरतेच, पुढं त्यांना बुरशी येते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी उपाशी चालू नये, आणि गरगरलं तर लगेच खायला काही गोड स्वतःच्या खिशात ठेवावं. जोडीदाराच्या खिशात नव्हे.

पावसाचं सामान हा सगळ्यांत वादाचा विषय. पूर्वी डोक्यावर इरलं आणि अंगावर घोंगडी असायची. घोंगडी मोठी हुशार वस्तू आहे. लोकरीला मुळातच थोडा तेलकटपणा असतो, त्यामुळे भुरभुर पाऊस तिच्यावरून निथळून जातो, आणि ओली झाली तरी ती थोडीफार ऊब देते. विणताना तिला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवी घोंगडी ताठ असते. पण जोराच्या पावसात ती पाणी पिते, आणि मग उचलवत नाही. आता बहुतेक सगळे मेणकापड घेतात, आपल्याकडे ज्याला पन्नी म्हणतात ते. हलकं, स्वस्त, रात्री अंथरायला आणि दिवसा पांघरायला. माझं मत विचाराल तर दिवसा पन्नी आणि रात्री घोंगडी. घोंगडी गाडीत, पन्नी खांद्यावर. पन्नी जरा जाड घेतली की येतानाही तीच घरी आणता येते. पातळ घेतली तर ती परभणीच्या अलीकडेच फाटून रस्त्याकडेला पडते आणि मग गुरांच्या पोटात जाते.

पाऊस किती लागणार, हे एकादशी कधी येते त्यावरही असतं. २०२३ साली आषाढी एकादशी २९ जूनला होती. त्या वर्षी वारीची बरीचशी वाट ऐन जून महिन्यातली, म्हणजे उन्हाचा चटका. २०२६ सालची एकादशी २५ जुलैला, कारण त्या वर्षी अधिक ज्येष्ठ. अशा वर्षी जवळजवळ सगळी वाट जुलैतल्या पावसाची. तेव्हा पिशवी भरण्याआधी कालनिर्णय उघडावं. एकादशी लवकर असेल तर डोक्याला मोठा पांढरा रुमाल आणि जास्तीचं पाणी. उशिरा असेल तर कोरड्या कपड्यांचा एक जादा जोड, आणि तो पन्नीत गुंडाळून.

कपडे एरवी तीन जोड पुरतात. एक अंगावर, एक वाळत, एक कोरडा. त्यात एक धुतलेला, ठेवणीतला जोड बोचक्याच्या तळाशी ठेवायचा आणि चंद्रभागेच्या स्नानापर्यंत त्याला हात लावायचा नाही, असा आमच्या आजींचा दंडक आहे. एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्र्यांच्या हस्ते विठ्ठलाची शासकीय महापूजा होते, तेव्हा दर्शनाच्या रांगेतल्या एका वारकरी जोडप्याला बरोबर पूजेचा मान मिळतो. एसटी त्यांना वर्षभराचा मोफत पासही देते. आजी हसून म्हणतात, “आपला नंबर कवा लागंल ते काय सांगावं? चांगलं लुगडं असावं बा जवळ.”

आता पाय. वारी चालतात ते पाय, आणि बिघडतातही पायच. नवी चप्पल घालून कधीही निघू नये. महिनाभर आधी घेऊन ती शेतात-बाजारात वापरून मऊ करावी. दुसरा जुनाच जोड गाडीत. पायाला फोड आला की सुईत दोरा ओवून तो फोडातून आरपार काढायची एक जुनी रीत आहे. पाणी झिरपून जातं हे खरं, पण त्याच सुईदोऱ्याबरोबर घाण आत जाते, आणि मधुमेह असलेल्या माणसाचा पाय तर त्यानं महिनोन्‌महिने भरून येत नाही. फोड फोडू नये. फुटलाच तर स्वच्छ पाण्यानं धुऊन, कोरडा करून पट्टी बांधावी आणि दिंडीबरोबर किंवा वाटेवर असणाऱ्या आरोग्य पथकाला दाखवावा. रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तेल लावायचं, इतकं केलं तरी बरंच निभावतं.

औषधांचं काम तुमच्याकडे घ्या, मुलांनो. आई-बाबांना बरोबर घेऊन हे करता येतं. आजी आणि आजोबा दोघांनाही रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर दोन वेगळ्या रंगांच्या पिशव्या करा. दोघांच्या गोळ्या दिसायला सारख्या असल्या तरी ताकद वेगळी असू शकते. वीस दिवसांची वाट, मग पंढरपुरातले दिवस, आणि वर आठवडाभराच्या जादा गोळ्या. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. बरं वाटतंय म्हणून वाटेत गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे आजोबांना दोनदा सांगा. जुलाबावरची ओआरएसची चार-पाच पाकिटं प्रत्येकाकडे हवीत. एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात, अर्ध्या पेल्यात नव्हे. पाकीट संपलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

पैसे दोघांनी वाटून घ्यावेत. आजोबांच्या बंडीला आतून चोरखिसा, आजीच्या कमरेला चंची. एकाचे हरवले तरी दुसऱ्याकडे परतीचं भाडं राहिलं पाहिजे. आधार कार्ड मूळ घ्या. २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट. पण कंडक्टर वयाचा पुरावा मागणारच.

आणि चिठ्ठी. ही वस्तू वजनाला काहीच नाही, पण मला विचाराल तर सगळ्यांत आधी हीच भरावी. एकादशीला पंढरपुरात लाखो माणसं असतात. चंद्रभागेच्या वाळवंटात हात सुटला, की माणूस दिसेनासा होतो. मोबाईल आहे की, असं तुम्ही म्हणाल. पण तो बहुधा एकच असतो, आजोबांच्या खिशात, आणि तिथं पोचेपर्यंत त्याची बॅटरी संपलेली असते. आजीला नंबर पाठ नसतो. तिथं पोलीस मदत करतात, भोंग्यावरून नावं पुकारतात, पण पुकारायला नाव-गाव तर कळलं पाहिजे! म्हणून जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा, घरच्या दोन माणसांचे नंबर, जोडीदाराचं नाव, दिंडीचं नाव, पंढरपुरात उतरायचा मठ किंवा धर्मशाळा, आणि रोज चालू असलेल्या औषधांची नावं. कागद प्लॅस्टिकच्या लहान पिशवीत घालून, तोंड शिवून टाका. एक आजीच्या चंचीत, एक आजोबांच्या बंडीत. आमच्या वर्गानं अशा चिठ्ठ्या लिहून दिल्या. शुद्धलेखनाच्या तासाला सहसा इतकं सुंदर अक्षर मला पाहायला मिळत नाही.

शिवाय दोघांनी चुकामूक झाल्यावर भेटायची एक जागा रोज सकाळीच ठरवायची. गाडीजवळ, नाहीतर मुक्कामाच्या शाळेच्या फाटकाशी. पंढरपुरात नामदेव पायरीपाशी भेटू असं पुष्कळ जण ठरवतात, पण तिथंच सगळ्यांत जास्त गर्दी असते, तेव्हा ती जागा नको. आपल्या मठाचं दार बरं.

जोडीनं लांब चालणारी माणसं आणखीही आहेत. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड यांनी १९७७ साली, पन्नाशीला आले असताना, नर्मदेच्या काठानं टप्प्याटप्प्यानं चालायला सुरुवात केली. पुढच्या फेऱ्यांत त्यांच्या पत्नी कांताही त्यांच्याबरोबर चालल्या. नर्मदा तेराशे किलोमीटर लांब, आणि परिक्रमा म्हणजे दोन्ही काठ!

टाळ, हरिपाठाची पोथी, गोपीचंदन, बुक्क्याची डबी, हे सांगायची गरजच नाही. ते घरोघर सगळ्यांत आधी भरलेलं असतं.

राहता राहिली परतीची गोष्ट. येताना बोचकी हलकी झालेली असतात. शेंगदाणे, फुटाणे संपलेले, तेल संपलेलं, ओआरएसची एक-दोन पाकिटं कुणा आजारी माउलीला दिलेली. म्हणून जातानाच एक रिकामी कापडी पिशवी घडी करून बोचक्यात ठेवायची. तिच्यात पंढरपूरचे चुरमुरे, बत्तासे, नातवंडांना माळा आणि शेजारणींना कुंकू-बुक्का भरून येतो. चुरमुऱ्यांनी पिशवी टम्म फुगते, आणि ताणकाट्यावर अर्धा किलोही भरत नाही.